घुमाऱ्याचा डबा

पार्सल आलं तेव्हा मी ड्युटीवर होते. अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढण्याचं काम करते. दुपारच्या गर्दीत नवऱ्याचा फोन आला. तो शाळेत गणित शिकवतो आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा असल्यामुळे दुपारी घरी असतो.

"तुझं खोकं आलं. उघडू का?"

"नको. मी आल्यावर उघडीन."

"त्यात आहे काय?"

"घुमारा," मी म्हटलं. त्यानं खोकं हलवून पाहिल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बरं. स्वयंपाकघरात ठेवतो."

आमच्या घराची मागची खोली माझी आहे. तिथे पूर्वी गहू-तुरीच्या कोठ्या असत. आता एका टेबलावर दोन सिंथेसायझर आहेत, दोन्ही जुने घेतलेले. एक मोठा, ज्यातून भरदार, लांब सूर निघतात. दुसरा छोटा, एका वेळी एकच सूर वाजवणारा आणि स्वभावाने थोडा लहरी, तापला की सुरातून सरकणारा. शेजारी आवाज एकत्र करायचा एक लहान मिक्सर, दोन स्पीकर, हेडफोन आणि एक लॅपटॉप. आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून दोन कापसाच्या गाद्या उभ्या टेकवल्या आहेत. पाहुणे जास्त झाले की त्या काढून अंथराव्या लागतात आणि माझा स्टुडिओ दोन-तीन दिवस बंद राहतो.

मी गाणी करत नाही. एक सूर धरते, तो हळूहळू बदलू देते, त्याच्याखाली दुसरा आणते. असं आठ-दहा मिनिटं चालतं. मग ते इंटरनेटवर टाकते आणि कुठले कुठले लोक ऐकतात. दवाखान्यातल्या एका नर्सबाईंना एकदा ऐकवलं होतं. त्यांनी मनापासून ऐकलं आणि विचारलं, "गाणं कधी सुरू होते?" मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही.

अशा संगीतात घुमारा फार लागतो. रिकाम्या मोठ्या दालनात टाळी वाजवली की तिच्यामागे जो आवाज काही क्षण रेंगाळतो, तो. रेकॉर्डिंगवाले त्याला रिव्हर्ब म्हणतात. धान्याच्या कोठीच्या खोलीत तो आपोआप मिळत नाही, बनवावा लागतो. इतकी वर्षं तो लॅपटॉप बनवत होता. पण आमच्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉपचीच दमछाक होते. पंखा फिरायला लागतो, आणि लांब सुराच्या ऐन मध्यात कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. म्हणून मी हे काम करणारा वेगळा डबा घ्यायचं ठरवलं. चांगले डबे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. जो आवाक्यात होता त्याला बहुतेक सगळे नावं ठेवत होते. त्याच्या परीक्षणाचे व्हिडिओ मी पाहिले होते. करणाऱ्यांपैकी एकाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं. तो सांगत होता की या डब्याच्या आवाजामागे बारीक सूं-सूं ऐकू येते. माझ्या खिडकीत कूलर होता. त्या सूं-सूंची मला काय तमा.

परत पाठवायची मुदत होती, त्यामुळे मी तो नीट तपासायचं ठरवलं.

डबा हातात घेतल्यावर पहिलं आश्चर्य वाटलं ते वजनाचं. अंग पत्र्याचं, घट्ट, कोपरे नीट वळवलेले. समोर एक मोठा नॉब, चार लहान, आणि प्रकाराचा आकडा दाखवणारी छोटीशी लाल खिडकी. मोठा नॉब प्लास्टिकचा आणि जरा डुगडुगता होता. पैसे तिथे वाचवले होते. आत वेगवेगळे प्रकार: लहान खोलीचा घुमारा, मोठ्या दालनाचा घुमारा, एकच आवाज पुन्हा पुन्हा परत आणणारा डिले, एका सुराचे अनेक सूर झाल्यासारखं वाटायला लावणारा कोरस. सोबत एक घडी घातलेला कागद. त्यात इतक्या भाषा दाटीवाटीनं छापल्या होत्या की प्रत्येकीच्या वाट्याला चारच ओळी आल्या होत्या.

छोट्या सिंथेसायझरवर मी एक कोरडा, तुटक 'टक' आवाज बनवला आणि तो एकेका प्रकारातून पाठवत बसले. घुमारा कसा आहे हे अशा टकटकीवर लगेच कळतं. वाईट असेल तर तिच्यामागे पत्र्याची खणखण उरते. लहान खोलीच्या प्रकारात ती उरत होती. मी ते कागदावर टिपलं. प्रकार बदलला की आधीचा घुमारा कापल्यासारखा एकदम तुटत होता, तेही टिपलं. शिवाय अडॅप्टर मिक्सरजवळ ठेवला की घूं असा आवाज यायचा. तो लांबच्या प्लगमध्ये लावला आणि घूं गेलं.

मग मोठं दालन लावलं आणि मोठ्या सिंथेसायझरवर खालचा एकच सूर दाबून सोडला.

त्या आवाजाचं वर्णन करणं कठीण आहे. सूर संपला, पण गेला नाही. तो गाद्यांच्या पलीकडे, भिंतीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या अंगणाच्याही पलीकडे सरकत गेला आणि जाता जाता किंचित उजळला. खणखण नाही, कुठे अडखळणं नाही. लॅपटॉपवर मी वर्षानुवर्षं जे जुळवत होते, ते या डुगडुगत्या नॉबच्या डब्यात तयार ठेवलेलं होतं. मी पुन्हा सूर दाबला. नवरा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे बरं वाटतंय." नऊ-दहा वर्षांत माझ्या संगीताबद्दल तो पहिल्यांदाच आपणहून काही बोलला होता.

त्याच आठवड्यात शनिवारी दादा आणि वहिनी अकोल्याहून आले. आमच्या एका नात्यातल्या मुलीचं साक्षगंध अमरावतीत होतं, आणि ते आमच्याकडे मुक्कामाला राहणार होते.

दादा माझा मोठा भाऊ. मला सिंथेसायझरचं वेड लागलं ते त्याच्यामुळे. अकोल्यात त्यानं वीसेक वर्षं एका गायन पार्टीत कीबोर्ड वाजवला. जयंतीच्या महिन्यात त्यांना उसंत नसे. आज बार्शीटाकळी, उद्या तेल्हारा, परवा आणखी कुठे. निळ्या झेंड्यांच्या मंडपात प्रबोधनाची गाणी, मधूनच सवाल-जवाब, समोर बायामाणसं पोराबाळांसकट बसलेली. शाळेत असताना मी त्याच्या कीबोर्डची पेटी धरून टेंपोत मागे बसायचे आणि कार्यक्रमाआधी मला दोन मिनिटं बटणं दाबायला मिळायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला, आणि तापातून उठला तेव्हा उजवा कान गेलेला होता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नागपूरही झालं. कान परत आला नाही. काही महिन्यांनी त्यानं कीबोर्ड पार्टीतल्याच एका जणाला देऊन टाकला आणि आपल्या कपड्याच्या दुकानात बसायला लागला. त्याविषयी तो कोणाशी बोलत नसे. वहिनी मात्र एकदा फोनवर म्हणाल्या होत्या, "घरात रेडिओही लावू देत नाईत, ताई."

रविवारी सकाळी चहा झाला. वहिनी आणि माझा नवरा बाजारात गेले. दादा मागच्या खोलीत आला आणि खुर्ची ओढून बसला. मी डब्यावरच काम करत होते.

"काय करून राह्यली वं बाई?" मी धाकटी असले तरी तो मला लहानपणापासून बाई म्हणतो.

"हा डबा तपासतेय. ठेवायचा की परत करायचा ते ठरवायचंय."

"स्वस्तातला दिसते."

"स्वस्तातलाच आहे."

"मंग वाजते कसा?"

मी विचार न करता हेडफोन त्याच्या हातात दिला. त्यानं डोक्यावर चढवला. मी कोरस लावून एक स्वरमेळ दाबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "मले अर्धंच आयकू येऊन राह्यलं."

हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला आणि उजवीकडचा उजव्याला जातो. उजवीकडचं सगळं त्याच्यासाठी नव्हतंच. "थांब," मी म्हटलं. मिक्सरवरचे दोन नॉब मी मध्यभागी आणले, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कानांना सारखाच जाईल. आणि तोच स्वरमेळ पुन्हा दाबला.

दादाच्या कपाळावर आठी पडली. "आता पूर्ण हाये?"

"हो. सगळं एकत्र आहे."

"मंग हे पोकळ काहून लागते? मंघानी अर्धं होतं, पण भरलेलं होतं. आता पुरं हाये तं त्याच्या मधातलं काढून घेतल्यासारखं लागते."

मी हेडफोन घेऊन स्वतः ऐकलं. त्याचं बरोबर होतं. मी तपासताना खोलीभर पसरलेला तो कोरस आता वाळलेल्या भोपळ्यासारखा वाजत होता. कारण माझ्या लक्षात आलं. आवाज रुंद वाटावा म्हणून असे डबे डाव्या आणि उजव्या आवाजात मुद्दाम थोडा उलटेपणा ठेवतात. दोन कानांना वेगवेगळा मिळाला तर तो सुंदर लागतो. एकत्र केला की दोन्ही बाजू एकमेकींना खातात.

मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आमच्या कार्यक्रमात तं सारं एकत्रच असते. चार खांबांवर चार भोंगे, अन् चारीतून एकच आवाज. लोकं मोबाइलवर आयकतात, तिथंही तसंच असन."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी सगळं डावं-उजवं वेगळं ठेवूनच तपासत होते, आणि माझं ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक तरी ते फोन उशाला ठेवून ऐकत असणार.

मग आम्ही दोघं कामालाच लागलो. आवाज एकत्र ठेवून मी प्रत्येक प्रकार पुन्हा लावला. स्पीकरवर, मोठ्यानं. दादा खुर्ची फिरवून डावा कान स्पीकरकडे करून बसला. मी 'टक' पाठवायची आणि तो निकाल द्यायचा. लहान खोलीवर म्हणाला, "हे न्हाणीत गाल्यासारखं हाये. बाद." आणखी एका प्रकारावर म्हणाला, "याच्यात लोखंडी गुंडी पडली." एक कोरस ऐकून त्यानं नुसतीच नकारार्थी मान हलवली. मला भीती वाटत होती ती मोठ्या दालनाची. मनातून मी तो डबा त्या घुमाऱ्यासाठीच ठेवणार होते.

मी ते दालन लावलं. सूर दाबला, सोडला. तो संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो.

"पुन्हा वाजव," दादा म्हणाला. मी वाजवला. "आता तो नॉब कमी करून वाजव." घुमाऱ्याचं प्रमाण कमी केलं. "आता वाढव." वाढवलं.

मग तो स्पीकरकडे बघत बोलू लागला.

"कान गेला तेव्हापासून मले दिशाच राह्यली नाई. तुयी वहिनी सैपाकघरातून हाक मारते अन् मी दरवाज्याकडं पायतो. स्टेजवर तेच झालं. ढोलकी कुठून येते, गायक कुठून येते, काई समजेना. सारे आवाज एका जागी येऊन उभे राह्यल्यासारखे. मले वाटलं, आता आपल्याले जागाच नाई. पण हे पाय. तू नॉब कमी केला तं सूर जवळ आला. वाढवला तं दूर गेला. डावं-उजवं नाई समजत, पण दूर-जवळ समजते मले."

मी डबा त्याच्याकडे सरकवला. डब्याच्या केबली लांब होत्या, तो त्याच्यासमोर ठेवता आला.

दादा घुमाऱ्याचा नॉब फिरवत बसला, डाव्या हातानं. उजव्या हातानं कधी मोठ्या सिंथेसायझरच्या पट्ट्या दाबायला लागला ते त्यालाही कळलं नसावं. आधी एक सूर. मग दोन. मग डिलेच्या प्रकारावर गेला आणि आवाज परत येण्याचा वेळ कमी-जास्त करू लागला. फार जवळ, फार लांब, पुन्हा जवळ. एका जागी थांबला.

"हे आयक," तो म्हणाला. त्यानं एक छोटा तुकडा वाजवला. दोन कडव्यांच्या मध्ये गायक पाणी पितो तेवढ्या वेळात वाजवायचा असतो तसा. तो तुकडा संपला आणि थोड्या अंतरानं, जरा बोथट होऊन, परत आला. "तेल्हाऱ्याले जिनिंगच्या बाजूच्या मैदानात कार्यक्रम होता. समोर कापसाच्या जिनिंगचं टिनाचं मोठं शेड. आपण वाजवला का तिथून असाच वापस ये. पहिल्या साली लय तरास झाला. ताल चुकायचा. दुसऱ्या साली मी त्याच्यासंगच वाजवाले लागलो. म्या एक वाजवायचं, अन् त्या टिनानं दुसरं."

आणि त्यानं ते वाजवून दाखवलं. स्वतःच्या तुकड्यांमध्ये जागा सोडत, परत येणाऱ्या आवाजाला वाट देत. बाजारातून आलेल्या वहिनी हातात मेथीची जुडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या आत आल्या नाहीत. माझ्या नवऱ्याला त्यांनी डोळ्यांनीच थांबवलं. दादाला त्या आल्याचं कळलं नाही. त्या त्याच्या उजव्या बाजूला होत्या. तो वाजवत राहिला आणि त्या दिवशी आमचं जेवण उशिरा झालं.

जाताना त्यानं डबा मागितला नाही. मीच तो पुसून पिशवीत घातला आणि छोट्या सिंथेसायझरसकट त्यांच्या सामानात ठेवला.

"परत कराची मुदत हाये म्हणे याची," तो म्हणाला.

"करायचा नाहीये परत."

"मंग तुले?"

"मी बघीन."

पुढचे काही आठवडे तो मला रोज नाही तरी वरचेवर फोन करायचा आणि बहुतेक डब्याबद्दलच बोलायचा. अडॅप्टर गरम होतो, तो ठीक आहे का. लाल खिडकीतला आकडा उन्हात दिसत नाही, म्हणून त्यानं प्रकार मोजून पाठ केले आहेत. छोट्या सिंथेसायझरचा सूर खूप सरकतो, काय करू. मी म्हणायचे, थंड होऊ दे. वहिनींनी एकदा फोन घेऊन तक्रार केली की दादा दुपारी त्यांना झोपूच देत नाही. तक्रार करताना त्या हसत होत्या. मग एके दिवशी त्यानं सांगितलं की पार्टीतल्यांनी त्याला त्याचा कीबोर्ड परत दिला आहे, आणि बार्शीटाकळीला कार्यक्रम आहे, येशील का.

मी आणि नवरा गेलो. संध्याकाळची वेळ होती, मंडपात अजून खुर्च्या लावणं चाललं होतं. स्टेजवर दादा नेहमीच्या जागी नव्हता. पूर्वी तो एका टोकाला बसायचा आणि गायक त्याच्या उजव्या हाताला असायचे. आता त्यानं दुसऱ्या टोकाच्या ढोलकीवाल्याशी जागा बदलली होती, म्हणजे सगळी पार्टी त्याच्या डाव्या कानाकडे आली. इतकी साधी गोष्ट, पण ती करायला त्याला दोन वर्षं लागली होती. डबा कीबोर्डच्या डाव्या बाजूला चिकटपट्टीनं बसवलेला होता. डुगडुगत्या नॉबखाली कोणीतरी रबराची चकती घातली होती आणि तो आता घट्ट बसला होता.

कार्यक्रम सुरू झाला. जनरेटरची वीज कमी-जास्त होत होती, ढोलकीच्या दणक्यानं फळ्या हलत होत्या. मी गाण्याइतकीच डब्याकडे कान लावून बसले होते. तो एकदाही अडखळला नाही. खांबांवरच्या भोंग्यांतून दादाचा सूर मंडपावरून मागच्या शेतांकडे जात होता आणि मला तो माझ्या खोलीतल्यापेक्षा तिथे जास्त शोभला.

मध्यंतरात गायकानं मागणी केली की त्याच्या माइकलाही तो एको लावा. दादानं लावला. पहिल्या ओळीतच शब्द एकमेकांवर चढले. दादानं नॉब मागे फिरवला, आणखी मागे, अगदी थोडासा ठेवला. गायकानं हातानं 'वाढव' अशी खूण केली. दादानं मान हलवून नाही म्हटलं. नंतर जेवताना गायकानं त्याला कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "लोकं शब्द आयकाले येतात, भाऊ. घुमारा आयकाले नाई येत." गायकानं वाद घातला नाही, भाजी वाढून घेतली. मला वाटलं, मी त्या डब्यावर जे परीक्षण लिहिलं असतं त्यातली सगळ्यात चांगली ओळ यानं भाजी-भाकरी खाता खाता सांगून टाकली.

तो डबा आता अकोल्यातच आहे. कोणी विचारलं तर मी त्याच्याबद्दल खरं तेच सांगते. लहान खोली वापरू नका, कोरस वापरायचा तर आधी एकत्र करून ऐका, अडॅप्टर लांब ठेवा. आणि मोठ्या दालनासाठी, डिलेसाठी, त्या पत्र्याच्या घट्ट अंगासाठी बिनधास्त घ्या. त्याच्याहून कितीतरी महाग डबे मी नंतर ऐकले. काहींचा घुमारा जास्त रेशमी होता. पण कोणत्याही डब्याकडून मला याच्याइतकं मिळालेलं नाही.

पाऊस उघडल्यावर मी तसाच दुसरा मागवला. तो आला तेव्हाही मी ड्युटीवरच होते, आणि या वेळी नवऱ्यानं विचारल्याशिवायच खोकं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी मी ते उघडलं, केबली लावल्या, मोठं दालन निवडलं आणि अर्धवट राहिलेल्या कामाला बसले.